गावची माणसे आणि गावच्या वाटा
(इयत्ता पाचवी ते सातवी : परिसर-अभ्यासाचा एक पाठ)

आपल्या गावची लोकसंख्या किती, असे विचारताच शाळेच्या भिंतीवरील फलकाकडे बोट दाखवून आकडा सांगणारे विद्यार्थी पुष्कळ आढळतात. हा आकडा कोणत्या वर्षाचा, असे विचारले तर त्यांपैकी थोडे उत्तर देतात. आणि तो वर्षातील कोणत्या महिन्याचा, असे विचारले तर कित्येकदा शिक्षकही क्षणभर थबकतात. कोकणातील गावांच्या बाबतीत मात्र हा शेवटचा प्रश्नच सर्वांत महत्त्वाचा होय. फेब्रुवारीतील गाव आणि भाद्रपदातील गाव ही तेथे माणसांच्या हिशेबाने दोन निराळी गावे असतात.

दळणवळणाचीही तीच स्थिती आहे. ‘आमच्या गावास पक्का रस्ता आहे, दिवसातून दोन वेळा एस.टी. येते’ हे पाठ्यपुस्तकी उत्तर खरे असते. परंतु ते कोणत्या वाडीपुरते खरे आणि कोणत्या ऋतूत खरे, हे विचारल्यावाचून त्यास अर्थ येत नाही. लोकसंख्या हा एक धडा व दळणवळण हा दुसरा धडा, अशी फोड करून शिकविण्याची प्रथा सोयीची खरी. पण माणसे व वाटा एकमेकांपासून तोडल्या म्हणजे दोहोंतील जीव निघून जातो. प्रस्तुत पाठात त्या एकत्र घेतल्या असून, उदाहरणासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील खेडे पुढे ठेवले आहे.

गाव म्हणजे कोणते?

पाठाचा आरंभ येथून करावा. कारण या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. जनगणनेच्या पुस्तकातील गाव म्हणजे महसुली गाव. त्याच्या सीमा तलाठ्याच्या नकाशात असतात. ग्रामपंचायत ही दुसरी गोष्ट. दोन-तीन लहान महसुली गावे मिळून एक गट ग्रामपंचायत असल्याची उदाहरणे कोकणात ठिकठिकाणी आहेत. आणि मूल जेव्हा ‘आमचा गाव’ म्हणते तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा या दोहोंपैकी काहीच नसते; त्याच्यापुढे त्याची वाडी असते.

देशावरील गाव गावठाणात दाटीने वसलेले असते. चावडीपाशी दिलेली दवंडी सगळ्या घरांना ऐकू जाते. कोकणात जमिनीने तशी वस्ती होऊ दिली नाही. वर जांभ्या दगडाचा उघडा सडा, खाली भाताची अरुंद खाचरे, मध्ये उतार आणि त्या उतारावर जेथे विहिरीला पाणी लागेल तेथे दहा-वीस घरे, अशी ही रचना. दोन वाड्यांच्या मध्ये एखादा पऱ्या, एखादी घाटी किंवा तासाभराची चढण असावयाची. सह्याद्रीच्या पायथ्याच्या तालुक्यांतून तर एखादा धनगरवाडा मूळ गावापासून इतका उंच व दूर असतो की, त्या वाड्यातील मुलांना गावच्या देवळाचा कळसही शाळेत येईपर्यंत दिसत नाही. जनगणनेच्या पुस्तकात हे सर्व मिळून एक ओळ असते.

ती ओळ विद्यार्थ्यांना दाखवावी. ‘जिल्हा जनगणना पुस्तिका’ या नावाचा ग्रंथ प्रत्येक जिल्ह्यासाठी प्रसिद्ध होतो. त्याच्या एका भागात गावनिहाय घरे, कुटुंबे, पुरुष, स्त्रिया, सहा वर्षांपर्यंतची बालके, साक्षर व काम करणारे यांचे आकडे असतात. दुसऱ्या भागात त्याच गावांच्या सोयी नोंदविलेल्या असतात: शाळा, दवाखाना, टपाल, बसथांबा, रेल्वेस्थानक, जवळचे शहर व त्याचे अंतर. सोय गावात नसेल तर ती पाच किलोमीटरच्या आत आहे, पाच ते दहा किलोमीटरांवर आहे की त्याहून दूर आहे, एवढे एका अक्षराने सांगितलेले असते. माणसे व वाटा यांचा हा सरकारी जोड-लेख होय, आणि आपल्या गावचा असा लेख छापील पुस्तकात आहे हे कळल्यावर मुलांना जे नवल वाटते त्याचा शिक्षकाने पुरेपूर उपयोग करून घ्यावा.

मात्र ‘पाच किलोमीटरच्या आत’ हे अक्षर मधला ओढा सांगत नाही. तो सांगण्याचे काम पाठाचे.

गणती कोणाला मोजते

भारतात पहिली शिरगणती १८७२ च्या सुमारास निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वेळी झाली. सर्व देशात एकाच वेळी गणना करण्याची पद्धत १८८१ पासून सुरू झाली आणि त्यानंतर दर दहा वर्षांनी २०११ पर्यंत ती अखंड चालली. २०२१ ची गणना महामारीमुळे लांबणीवर पडली. जून २०२५ मधील अधिसूचनेने पुढील गणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ-तारीख ठरविण्यात आली. या कामात प्रगणक म्हणून घरोघर जाणाऱ्यांत प्राथमिक शिक्षकांची संख्या नेहमीच मोठी राहिली आहे. तेव्हा या पाठातील आकडा शिक्षकाला परका नाही. त्याच्याच पेशातील कोणीतरी तो ओसरीवर बसून लिहून घेतलेला असतो.

२०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली व १ ते ५ मार्च हे दिवस फेरतपासणीस दिले गेले. माणूस जेथे नेहमी राहतो तेथे त्याला मोजावयाचे, परंतु त्या संपूर्ण अवधीत तो तेथे एकदाही आला नसेल तर त्याची नोंद तेथे करावयाची नाही, असा नियम आहे. आता कोकणातील घर डोळ्यांसमोर आणावे. घरचा कर्ता मुंबईस. थोरला मुलगा व सून मुंबईस. घरी म्हातारी आणि एखादे नातवंड. गणपतीला हे घर दहा माणसांनी भरते. शिमग्याला पाच-सहा जण येतात. पण २०११ साली होळी १९ मार्चला होती, म्हणजे शिमग्याचे चाकरमानी गाडीत बसण्यापूर्वीच गणती आटोपली होती. त्या घरापुढे दोनच माणसे लिहिली गेली आणि उरलेली मुंबई-ठाण्याच्या पुस्तकात गेली. यात कोणाची चूक नाही. गणती नियमाप्रमाणेच झाली. परंतु गावाची जी ओळख त्या आकड्यातून होते ती वर्षातील एका विशिष्ट पंधरवड्याची असते, एवढे ध्यानात ठेवावे.

जिल्ह्याच्या आकड्यांत ही गोष्ट स्पष्ट दिसते. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ भरली. दहा वर्षांत ८१,७०८ माणसे कमी. याच दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या ९,६८,७८,६२७ वरून ११,२३,७४,३३३ वर गेली. शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचाही आकडा ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर उतरला. राज्यात उतरलेला तिसरा जिल्हा कोणता, हे मुलांना ओळखावयास सांगावे. बहुतेक जण एखाद्या दुष्काळी जिल्ह्याचे नाव घेतील. तो जिल्हा मुंबई शहर हा होय. ज्या गिरणगावाने रत्नागिरीची माणसे पिढ्यान्‌पिढ्या ओढून घेतली, ते ज्या बेटावर आहे त्याची वस्तीही त्या दशकात घटली आणि माणसे उपनगरांत, ठाण्याकडे व त्यापलीकडे सरकली. खेडे रिकामे होते म्हणजे जवळचे शहर भरतेच, असे सरसकट सूत्र बांधता येत नाही.

दुसरा आकडा स्त्री-पुरुष प्रमाणाचा. २०११ साली रत्नागिरी जिल्ह्यात ७,६१,१२१ पुरुष व ८,५३,९४८ स्त्रिया होत्या, म्हणजे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. राज्याचे प्रमाण ९२९ होते. येथे घाईने ‘या जिल्ह्यात मुलींचे जन्म अधिक’ असा निष्कर्ष काढणारा विद्यार्थी वर्गात असतोच. तो चुकला तर बरेच होते, कारण चुकीवरूनच पुढील विवेचन सुचते. सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत याच जिल्ह्यात मुलींची संख्या मुलांहून कमी आहे. तेव्हा स्त्रियांचे आधिक्य पाळण्यातले नसून पुरुष घर सोडून गेल्यामुळे मागे उरलेले आहे. शेताच्या बांधावर, पाणवठ्यावर, ग्रामसभेत व दवाखान्याच्या रांगेत जी माणसे दिसतात त्यांच्यात बायका अधिक का, याचे उत्तर त्या एका संख्येत आहे. आणि वाटांचा विचार करताना, या वाटा मुख्यतः कोणाच्या पायांखालच्या, हेही त्यातून समजते.

पाण्याची वाट, डांबराची वाट, लोखंडाची वाट

येथे गोष्टीच्या रूपाने थोडा इतिहास सांगावा. पण सनावळ्यांचा मारा टाळावा.

रत्नागिरी जिल्हा उत्तर-दक्षिण लांब आणि पूर्व-पश्चिम अरुंद आहे. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, पश्चिमेस समुद्र, आणि मध्ये वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी अशा नद्यांच्या खाड्या आत घुसलेल्या. अशा प्रदेशात दक्षिणोत्तर रस्ता काढणे म्हणजे दर काही मैलांवर एक खाडी किंवा घाटी ओलांडणे. यास्तव दीर्घकाळ येथला मोठा रस्ता समुद्र हाच होता. मुंबईहून सुटलेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी असे करीत दक्षिणेस जाई. बंदरात बोट खोल पाण्यात उभी राही व उतारू पडावातून किनाऱ्यास लागत. तेथून पुढे खाडीतून होडी, मग डोक्यावर ट्रंक घेऊन पायवाट. पावसाळ्यात ही बोट बंद. म्हणजे आषाढात मुंबईस मयत झाले तरी गावच्या माणसाला सहजी जाता येत नसे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही प्रवासी बोट-वाहतूक बंद पडली. तथापि पाण्याची वाट अगदीच मिटलेली नाही. दाभोळ व धोपावे यांच्या दरम्यान वाशिष्ठीच्या मुखावर फेरीबोट मोटारगाड्यांसह माणसे पलीकडे नेते आणि दापोली व गुहागर या तालुक्यांमधील मोठा वळसा वाचविते.

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर राज्याची पहिली एस.टी. धावली. पुढे कोकणातील खेड्यांत एस.टी. पोहोचली तेव्हा तिने माणसे तर आणलीच, पण तिच्याबरोबर टपालाची थैली, वर्तमानपत्र व कित्येक ठिकाणी पहिला शिक्षकही आला. रात्री गावात मुक्काम करून पहाटे तालुक्यास सुटणारी ‘वस्तीची गाडी’ हे या प्रदेशातील खेड्याचे घड्याळ होय. गाडीचा भोंगा झाला की चूल पेटवावयाची, असा कित्येक घरांचा परिपाठ असे. शिक्षकांना हे सांगण्याची आवश्यकता नाही; मुलांना मात्र आजीकडून विचारून आणण्यास सांगावे.

मुंबई–गोवा महामार्ग, पूर्वीचा क्रमांक १७ व आताचा ६६, जिल्ह्यातून खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर असा जातो. घाटावर जाण्यास कुंभार्ली व आंबा हे मुख्य घाट. रस्ता म्हणजे डांबर नव्हे. रस्ता म्हणजे पूल, हे या जिल्ह्यात विसरून चालत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री रायगड जिल्ह्यात महाडजवळ सावित्री नदीवरील जुना दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या उतारूंसह वाहून गेल्या. त्या दोन्ही गाड्या रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईकडे निघालेल्या होत्या. जिल्ह्याबाहेरचा एक पूल पडला आणि जिल्ह्यातील घरे उजाड झाली. ही घटना सांगताना शिक्षकाने स्वर संयत ठेवावा. वर्गात त्या गाड्यांतील कोणाचे आप्त असण्याचा संभव आहे.

कोकण रेल्वेची कंपनी १९९० साली स्थापन झाली व २६ जानेवारी १९९८ पासून रोहा ते मंगळूरजवळील ठोकूर हा ७४१ किलोमीटरांचा मार्ग सलग खुला झाला. रत्नागिरीजवळील साडेसहा किलोमीटर लांबीचा करबुडे बोगदा व पानवल नदीवरील ६४ मीटर उंचीचा पूल हे याच मार्गावर आहेत. परंतु खेड्याच्या दृष्टीने विचार करता, गाडी कोठून जाते यापेक्षा ती कोठे थांबते आणि स्थानकापासून घरापर्यंत कसे जावयाचे हा प्रश्न मोठा. राजापूर रोड हे स्थानक राजापूर गावापासून बरेच लांब आहे. पहाटे तीनला उतरलेल्या माणसाला मुंबई ते स्थानक हा लांबचा प्रवास एका झोपेचा, आणि स्थानक ते वाडी हा जवळचा प्रवास अर्ध्या दिवसाचा पडतो.

आता वर्गापुढे एक कठीण प्रश्न ठेवावा. वाट चांगली झाली म्हणजे माणसे गावात राहतात की गाव सोडतात? रेल्वे १९९८ मध्ये आली आणि २००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या घटली, एवढे दोन आकडे फळ्यावर लिहावेत. एखादा चुणचुणीत विद्यार्थी म्हणेल, ‘गुरुजी, म्हणजे रेल्वेनेच माणसे नेली.’ त्याला शाबासकी द्यावी व लगेच विचारावे की, रेल्वे येण्यापूर्वी माणसे जात नव्हती काय? गिरण्यांत रत्नागिरीची माणसे गेली ती बोटीने गेली. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध असेलच असे नाही, हा विवेक याच वयात रुजतो आणि त्यासाठी याहून जवळचे उदाहरण मिळणे कठीण. शिक्षकाने येथे तयार उत्तर देऊ नये. मुंबईची वाट सुधारली म्हणजे माणूस सणाला येतो. तालुक्याची वाट सुधारली म्हणजे तो रोज जाऊन संध्याकाळी परत येतो. या दोन सुधारणा एक नव्हेत, इतके सूत्र हाती दिले म्हणजे पुरे. उरलेले मुले आपापल्या घरच्या माणसांवरून ताडून पाहतील.

आकड्यावर काय ठरते

हा भाग सातवीच्या वर्गासाठी आहे. शिक्षकांनी तो स्वतःसाठीही नीट वाचावा.

खेड्यांना बारमाही रस्त्याने जोडण्याची प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. तिच्यात रस्ता देण्याची कसोटी लोकसंख्येची होती. सर्वसाधारण प्रदेशात ५०० किंवा अधिक, आणि डोंगराळ राज्ये, वाळवंट व आदिवासी क्षेत्र यांत २५० किंवा अधिक वस्ती असलेली ठिकाणे पात्र. हा आकडा २००१ च्या जनगणनेचा धरावयाचा. मात्र योजनेचा घटक महसुली गाव नसून ‘वस्ती’ हा होता. एका ठिकाणी कायम राहणाऱ्या घरांचा समूह ही वस्ती, मग तिला वाडी म्हणा, पाडा म्हणा की तांडा म्हणा. पाचशे मीटरच्या परिसरातील वस्त्या एकत्र धरून बेरीज करण्याची मुभा नियमांत आहे. डोंगराळ भागात हे अंतर पायवाटेने दीड किलोमीटर धरले जाते. २०२४ साली मंजूर झालेल्या योजनेच्या चौथ्या टप्प्यात २०११ ची लोकसंख्या आधारभूत धरली आहे.

आता गुंता लक्षात यावा. रस्ता वाडीच्या आकड्यावर, आणि छापील आकडा सबंध गावाचा. शिवाय तो फेब्रुवारीचा. ज्या वाडीत सणाला सहाशे माणसे नांदतात तिच्या नावे चारशे लिहिलेली असू शकतात. आणि चारशे असली तरी ती बहुतांशी वृद्ध, स्त्रिया व मुले. म्हणजे ज्यांना रस्त्याची गरज सर्वांत अधिक, तीच. आजारी माणसाला डोलीत घालून खांद्यावरून उतरवावयाचे, तर त्या वाडीत खांदा देणारे तरुण चारही मिळण्याची पंचाईत. संख्येची कसोटी अन्याय्य आहे असे म्हणण्याचे कारण नाही. पैसा मोजका असता कोठेतरी रेघ ओढावीच लागते. पण रेघेच्या अलीकडे की पलीकडे हे ठरविणारा आकडा बिनचूक व वाडीवार असावा, हे पाहणे गावाचे काम आहे. आणि गावात लिहिता-वाचता येणाऱ्यांची फौज शाळेतच असते.

अंतराचीही अशीच रेघ आहे. शिक्षणहक्काच्या राज्य-नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलांना एक किलोमीटरच्या आत व सहावी ते आठवीच्या मुलांना तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी. हे अंतर नकाशावर पट्टीने मोजावयाचे की पायवाटेने? जून ते सप्टेंबरमध्ये पऱ्याला पाणी असते तेव्हा वळसा किती पडतो? साकव वाहून गेला असेल तर? वर्गाच्या हजेरीपटात पावसाळी महिन्यांत कोणत्या वाडीची मुले गैरहजर आहेत हे पाहिले की, उत्तर पटावर लिहिलेले आढळते. पटसंख्या घटली म्हणजे शाळेचे काय होणार, ही चिंता लहान शाळांवरील प्रत्येक शिक्षकाला आहेच. माणसे कमी म्हणून गाडीला उतारू कमी. उतारू कमी म्हणून फेरी बंद. फेरी बंद म्हणून आठवीनंतर मुलीला मामाकडे ठेवावयाचे. आणि मुलीपाठोपाठ धाकट्यालाही. हे चाक एकदा फिरू लागले की गावाच्या हाती फारसे राहत नाही. ग्रामीण मुलींना शाळेसाठी एस.टी.चा मोफत पास मिळतो, ही सवलत मोलाची आहे. पण पास आहे आणि गाडी नाही अशी स्थिती आली तर पास दप्तरात राहतो. २०२१ च्या हिवाळ्यापासून एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप अनेक महिने चालला, त्या वेळी हा अनुभव राज्यभर आला.

वहीतील काम

आता प्रत्यक्ष कृती. मुलांचे वाडीवार गट करावेत. प्रत्येक गटाने आपल्या वाडीतील घरे मोजावीत आणि प्रत्येक घरापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: दार उघडे की कुलूप, आज घरात राहणारी माणसे, गणपतीला असणारी माणसे. घरांची यादी ग्रामपंचायतीच्या आकारणी-नोंदवहीशी पडताळून घेता येते. कुलूपबंद घरांची संख्या भिंतीवरील तक्त्यावर लिहावी, मालकांची नावे मात्र लिहू नयेत. रिकामे घर कोणते हे चव्हाट्यावर मांडणे शहाणपणाचे नव्हे.

वाड्यांच्या नावांविषयी एक सावधगिरी. कित्येक वाड्या जातीच्या नावाने ओळखल्या जात आल्या आहेत. अशी नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. ज्या वाडीस नवे नाव मिळाले असेल तेथे तक्त्यात तेच लिहावे. परंतु जी वस्ती गावाच्या कडेला ठेवली गेली तिला पाणी, वीज व रस्ता पुष्कळदा सर्वांच्या मागून मिळाला, ही वस्तुस्थिती अंतराच्या रकान्यात आपोआप उमटते. ती उमटू द्यावी, झाकू नये.

अंतर मोजण्यास साखळी नको. शंभर मीटरच्या दोरीवर प्रत्येक मुलाने आपली पावले मोजून ठेवावीत व घर ते बसथांबा पावलांनी मोजून त्याचे मीटर करावेत. वाटेत आलेल्या पाखाडीच्या पायऱ्या, साकव, चढ, काटेरी कुंपणे सर्व टिपून घ्यावीत. भारतीय सर्वेक्षण विभागाचा २ सेंटिमीटरला १ किलोमीटर या प्रमाणाचा नकाशा मिळाल्यास त्यावरील सरळ अंतर शेजारी लिहावे. दोहोंतील फरक पाहून मुले थक्क होतात. अंतराबरोबर लागणारी मिनिटेही लिहावीत, आणि ती दोन रकान्यांत: उन्हाळ्यातील व पावसाळ्यातील. पावसाळ्याचा रकाना मुलांनी मोठ्या माणसांना विचारून भरावा. भर पुरात पऱ्याकडे मुलांना पाठवू नये.

गणितासाठी पुढील काल्पनिक गाव घ्यावा. मधलीवाडी ३१० माणसे, बसथांब्यापासून ०.२ किलोमीटर, खालचीवाडी २१५ माणसे, १ किलोमीटर, वरचीवाडी १४० माणसे, २.५ किलोमीटर, डोंगरवाडी ५५ माणसे, ५ किलोमीटर. एकूण माणसे ७२०. चार वाड्यांच्या अंतरांची साधी सरासरी सुमारे २.१८ किलोमीटर येते. परंतु प्रत्येक वाडीच्या अंतरास तिच्या माणसांनी गुणून बेरीज केली तर ९०२, आणि तिला ७२० ने भागले तर सुमारे सव्वा किलोमीटर. दोन्ही सरासऱ्या गणिताने बिनचूक आहेत. दुसरी तर अधिक शास्त्रशुद्ध आहे, आणि तीच डोंगरवाडीच्या ५५ माणसांना अधिक झाकते. कचेरीत ‘सरासरी सव्वा किलोमीटर’ असे लिहून गेले तर गावाची वाट सोयीची ठरेल. मुलांनी सरासरीखाली सर्वांत दूरच्या वाडीचे अंतर व तेथील माणसांची संख्या लिहिण्याची सवय लावून घ्यावी. याच गावात पुरुष ३४० व स्त्रिया ३८० धरल्यास दर हजार पुरुषांमागे स्त्रिया किती, आणि क्षेत्र ९ चौरस किलोमीटर धरल्यास दर चौरस किलोमीटरला माणसे किती, हीही उदाहरणे करवून घ्यावीत. (उत्तरे : १११८ व ८०.) जिल्ह्याची घनता २०११ साली १९७ होती, तिच्याशी तुलना करावी.

बसथांब्यावरील पाहणीला एक आठवडा पुरेसा होतो. रोजच्या गाडीला किती चढले, किती उतरले आणि चढणारा कशासाठी निघाला: बाजार, दवाखाना, माध्यमिक शाळा, कचेरी की मुंबई. प्रश्न विचारण्याचे काम मोठ्या मुलांनी नम्रपणे करावे. कोणी सांगण्यास नाखूश असेल तर ‘अन्य’ या रकान्यात रेघ ओढावी. गाडी किती उशिरा आली हेही लिहावे. खाजगी वडापच्या गाड्यांची गणती निराळी ठेवावी; बहुतेक ठिकाणी त्यांची संख्या एस.टी.पेक्षा अधिक निघेल, आणि त्या कोणत्या वेळी मिळत नाहीत तेही मुलांच्या लक्षात येईल.

सर्व गटांचे काम झाल्यावर एका मोठ्या कागदावर गावाचा नकाशा काढावा. वाडीतील दर दहा माणसांस एक ठिपका. बारमाही वाट अखंड रेघेने, पावसाळ्यात तुटणारी वाट तुटक रेघेने, साकवाच्या जागी फुली. भाद्रपदातील जादा माणसांचे ठिपके निराळ्या रंगाने द्यावेत. हा नकाशा व वाडीवार तक्ता ग्रामसभेच्या दिवशी शाळेच्या पडवीत लावता येतो. हा सरकारी आकडा नव्हे, विद्यार्थ्यांनी केलेली पाहणी आहे, असे त्यावर ठळक लिहावे. एक प्रत शाळेच्या दप्तरात ठेवावी, म्हणजे बदलीवर येणाऱ्या पुढील शिक्षकाला दहा वर्षांनी तीच वाट पुन्हा मोजता येईल. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात वर्षाबरोबर महिनाही लिहिण्यास विसरू नये.